आवडतं कॅरेक्टर मेलं? चिडून लिहायला बसायच्या आधी हे करून बघा

आधीच सांगतो, खाली गेम ऑफ थ्रोन्स, वॉकिंग डेड, द हंड्रेड, मॅश, सायको आणि लास्ट ऑफ अस या सगळ्यांचे स्पॉयलर आहेत, ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर मला बोल लावू नका.

तर झालं असं की 2016 च्या ऑक्टोबरमध्ये वॉकिंग डेड या झोंबींच्या सिरीजचा सातवा सीझन सुरू झाला, पहिल्याच एपिसोडला नेगन या व्हिलनने आधी अब्राहमला आणि मग ग्लेनला बॅटने ठेचलं, आणि मी रात्री जागून भलंमोठं काहीतरी लिहिलं. रायटर बिनडोक आहेत, शो संपला, मी परत बघणार नाही वगैरे वगैरे. सकाळी वाचलं तर त्यात मुद्दा एकही नव्हता, नुसता थयथयाट. (पुढच्या आठवड्यात गुपचूप दुसरा एपिसोडही बघितला, ते जाऊ दे.) त्यानंतर मी स्वतःपुरती एक पद्धत ठरवली, तीच सांगतोय.

लगेच लिहायची खाज असेल तर लिहा, पण फोनच्या नोट्समध्ये, आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी स्वतःला विचारा, मला वाईट वाटलं की मला फसवलं गेलं? या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत. वाईट वाटलं म्हणजे त्या सीनने त्याचं काम केलं. गेम ऑफ थ्रोन्समधल्या नेड स्टार्कचं बघा, 2011 मध्ये पोस्टरवर सिंहासनावर बसलेला तोच, सगळ्यांना वाटलं हाच हिरो, आणि नवव्या एपिसोडला मुंडकं उडवलं. पण तो सीझन परत बघा म्हणजे कळतं की सगळं समोरच होतं, हा माणूस स्वतःहून सर्सी राणीकडे जाऊन सांगतो की तुझं गुपित मला कळलंय, वर लिटलफिंगरसारख्या कपटी माणसावर भरवसा ठेवतो. ते मरण त्याच्या स्वभावातून आलेलं आहे. त्यामुळे माझा साधा नियम, मरणाच्या आधीचे दोन तीन एपिसोड परत बघायचे, आणि बघताना 'अरे हे तर दिसत होतं' असं वाटलं की रायटरला शिव्या द्यायच्या नाहीत.

आता ग्लेनचं प्रकरण यापेक्षा किचकट आहे आणि इथेच बहुतेक लोक गडबडतात, मीही गडबडलो होतो, कारण तिथे तीन वेगळ्या तक्रारी एकमेकीत अडकल्यात. एक म्हणजे आदल्या सीझनला, 2015 मध्ये, त्याला कचऱ्याच्या मोठ्या पेटीवरून झोंबींच्या गर्दीत पाडलं, टायटलमधून अ‍ॅक्टरचं नाव सुद्धा काढलं आणि काही आठवड्यांनी तो पेटीखालून जिवंत निघाला. दुसरी म्हणजे सहाव्या सीझनच्या शेवटी नेगनने बॅट उगारली पण कोणाच्या डोक्यात बसली ते दाखवलंच नाही, सहा महिन्यांवर ताटकळत ठेवलं. आणि तिसरी ती हिंसा, तो बाहेर आलेला डोळा. आता गंमत अशी की मूळ कॉमिकच्या 100 व्या अंकात, 2012 मध्ये, हेच मरण आहे, तीच बॅट, तोच डोळा, पण तिथे वाचकाला मध्ये लटकवलेलं नव्हतं. हे लक्षात आल्यावर मला कळलं की माझा खरा राग रक्ताचा नव्हताच, मला खेळवलं याचा होता. म्हणजे लिहायच्या आधी तक्रारी सुट्या करा, मग कुठली आपली आहे ते ठरवा.

आणि आकडे फेकताना जपून. सातव्या सीझनच्या त्या पहिल्या एपिसोडला अमेरिकेत 1 कोटी 70 लाखांच्या आसपास प्रेक्षक होते आणि पुढच्याच आठवड्यात ते साधारण 1 कोटी 25 लाखांवर आले, हे खरं आहे, पण ते हिंसेमुळे गेले की आधीच्या फसवाफसवीला कंटाळून की फक्त कोण मेलं एवढंच बघायला आले होते, हे आकडा सांगत नाही.

हिंसेबद्दल लिहायचं तर 'फार रक्त होतं' हे काही मत नाही. तीन गोष्टी बघायच्या, कॅमेरा कोणाच्या बाजूने आहे, किती वेळ थांबतो आणि नंतर त्याचा कोणावर काही परिणाम होतो का. सायको हा सिनेमा 1960 चा, ब्लॅक अँड व्हाइट, बाथरूममधलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, आणि सुरा अंगात घुसताना जवळजवळ दिसतच नाही, तरी लोक अजून टरकतात. म्हणजे किती दाखवलं यापेक्षा काय दाखवलं हा प्रश्न आहे. गेम ऑफ थ्रोन्समधलं रेड वेडिंग, म्हणजे लग्नात झालेलं ते हत्याकांड, त्याला मी अजून एक कसोटी लावतो, हा तुकडा काढला तर काय बिघडेल? मूळ पुस्तकात नेडच्या मुलाची, रॉबची बायको त्या लग्नाला आलेलीच नसते. सिरीजमध्ये ती गरोदर आहे, तिथे हजर आहे आणि सगळ्यात आधी तिच्या पोटात सुरा खुपसतात. मला ते जास्तीचं वाटलं, रॉब आणि त्याची आई कॅटलिन यांचं मरण पुरेसं होतं. माझा एक मित्र म्हणतो की नाही, वारसच संपवला म्हणून तर ते घराणं संपल्यासारखं वाटतं. ठीक आहे, पटत नाही पण मुद्दा आहे त्याच्याकडे.

एकाच मरणावर न थांबता पॅटर्नबद्दल बोलायचं असेल तर लेक्साचं उदाहरण घ्या. द हंड्रेड ही सिरीज, मार्च 2016. सिरीजची हिरोईन क्लार्क, तिच्यासोबत लेक्साची एकदाची जवळीक होते आणि लगेच दुसऱ्यासाठी झाडलेली गोळी लागून ती मरते. फॅन्स नुसतं 'आमची लेक्सा मारली' म्हणत राहिले असते तर दोन दिवसांत विषय संपला असता, पण त्यांनी दाखवून दिलं की टीव्हीवर समलिंगी बाईला सुख मिळालं की ती मरते, असं वर्षानुवर्षं चाललंय, आणि उदाहरणांची यादीच समोर ठेवली. वर ट्रेव्हर प्रोजेक्ट या समलिंगी तरुणांना आत्महत्येपासून वाचवणाऱ्या संस्थेसाठी पैसे गोळा केले. शोरनरला, म्हणजे सिरीजच्या मुख्य कर्त्याधर्त्याला, जाहीर माफी मागावी लागली. तर पॅटर्न म्हणताय ना, मग चार पाच नावं द्या, एका नावाचा पॅटर्न होत नसतो.

कधीकधी मारायचं कारण कथेबाहेर असतं, अ‍ॅक्टर सोडून चाललेला असतो. मॅश या लष्करी हॉस्पिटलवरच्या कॉमेडीत 1975 ला तिथला प्रमुख हेन्री ब्लेक असाच गेला, मरण दाखवलंही नाही, रडार नावाचा कारकून आत येऊन फक्त विमान पडल्याचा निरोप वाचतो, आणि ते शेवटचं पान बहुतेक कलाकारांना आधी दिलेलंच नव्हतं. कॉमेडी शो असल्याने लोकांनी रागाने पत्रं पाठवली. माझं मत, तो सीन टीव्हीवरच्या सगळ्यात प्रामाणिक मरणांपैकी एक आहे. म्हणजे कारण बाहेरचं असलं म्हणून सीन वाईट ठरत नाही, आणि 'अ‍ॅक्टरला जायचंच होतं' म्हणून वाईट सीनला माफीही नाही.

अ‍ॅक्टरला मध्ये आणू नका. लास्ट ऑफ अस चा दुसरा गेम 2020 मध्ये आला तेव्हा पहिल्या गेमचा हिरो जोएल, त्याला मारणाऱ्या अ‍ॅबीचा आवाज दिला म्हणून लॉरा बेलीला ठार मारायच्या धमक्या आल्या, एका काल्पनिक माणसासाठी! असल्या गोष्टीला मत म्हणत नाहीत.

राहिला स्पॉयलर. गेम खेळलेल्यांना जोएलचं पाच वर्षं माहीत होतं, सिरीजमध्ये ते 2025 ला आलं, तोवर बऱ्याच जणांनी तोंड बंद ठेवलं, जमतं ते. नाव आणि 'मेला' हे पहिल्या ओळीत एकत्र येऊ देऊ नका, बस. माझ्या बहिणीने आत्ता कुठे गेम ऑफ थ्रोन्स सुरू केलंय, तिसऱ्या एपिसोडवर आहे, परवा म्हणाली हा नेड किती भारी आहे रे, हाच राजा होणार ना शेवटी? मी म्हटलं बघ तू, आणि पाणी प्यायला उठलो.