स्वस्तातला भरवणारा रोबो बनवताय? या चुका टाळा

ज्यांना स्वतःच्या हाताने जेवता येत नाही त्यांना घास भरवणाऱ्या रोबोचे व्हिडिओ पाहिले की हात शिवशिवतात. तीन-चार सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या) मोटारी, त्यांना हुकूम देणारा एक आर्डुइनो बोर्ड, थ्रीडी प्रिंटरवर छापलेला हात आणि पुढे चमचा. यात अवघड ते काय? खरंच, वाटीतून घास उचलेपर्यंत फारसं अवघड नसतंच. पंचाईत होते ती तोंडापाशी, शेवटच्या वीतभर अंतरात. आणि बहुतेक जण सगळी मेहनत वाटीपाशीच खर्च करून बसतात.

पहिली चूक स्क्रू हातात घेण्याआधीच होते: 'सगळ्यांसाठी' यंत्र बनवायला जाणं. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात माईक टॉपिंग यांनी १९८७ मध्ये 'हँडी वन' हा भरवणारा रोबो सुरू केला, तो सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या एका ११ वर्षांच्या मुलासाठी. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका रोजंदारी कामगाराने आपल्या दिव्यांग मुलीसाठी आवाजावर चालणारा 'माँ रोबो' बनवला आणि २०२२ मध्ये गोवा स्टेट इनोव्हेशन कौन्सिलने त्याची दखल घेतली. दोन्हीकडे समोर एक ठरावीक माणूस होता. परदेशी तयार यंत्रं लाखांच्या घरात जातात, तेव्हा घरी बनवण्याची धडपड रास्तच. पण ज्याच्यासाठी बनवताय तो मान किती पुढे आणू शकतो, शरीराचा कुठला भाग खात्रीने हलवू शकतो, हे आधी शेजारी बसून बघा.

मोटार निवडताना घासाचं वजन धरू नका

घास जेमतेम १०-१५ ग्रॅमचा, म्हणून कुठलीही मोटार चालेल असं वाटतं. वजन घासाचं नसतं, हाताचं असतं. आपल्याकडे सहज मिळणारी एमजी९९६आर घ्या, ४.८ व्होल्टला तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण ९.४ किलो-सेंमी दिलेला असतो. आता खांद्यावर येणारा भार मोजू. हात २०० ग्रॅमचा, त्याचा मध्य १५ सेंमीवर: ३००० ग्रॅम-सेंमी. कोपराची ५५ ग्रॅमची मोटार १५ सेंमीवर: ८२५. मनगटाची तशीच २५ सेंमीवर: १३७५. चमचा-घास मिळून ४० ग्रॅम, ३२ सेंमीवर: १२८०. बेरीज ६४८०, म्हणजे जवळपास साडेसहा किलो-सेंमी. शिवाय ९.४ हा आकडा मोटार पार अडून बसते तेव्हाचा. सततच्या कामाला त्याच्या निम्म्यावर जाऊ नये. हात थरथरतो आणि मोटार तापते ती इथूनच.

२० किलो-सेंमीची मोटार लावता येते. मी मात्र आधी खांद्यामागे प्रतिवजन टांगून बघेन. जाड नट-बोल्ट पुरतात, आणि वीज गेली तरी हात धाडकन खाली आपटत नाही.

हात उचलताना बोर्ड रीसेट होतो

मोटारींना आर्डुइनोच्याच ५ व्होल्ट पिनवरून वीज दिली असणार. एमजी९९६आर अडली की एकटी अडीच अँपिअरपर्यंत करंट ओढते. कॉम्प्युटरच्या यूएसबीतून मिळतो साधारण अर्धा अँपिअर. मोटारींना ५-६ व्होल्टचा, निदान ५ अँपिअरचा वेगळा पुरवठा द्या आणि मोटारींजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. एवढं करूनही थरथर थांबत नसेल तर दोन्ही पुरवठ्यांचं ग्राउंड (उणे टोक) एकत्र जोडलंय का ते बघा.

चालू करताच हात उसळतो, त्याचं कारण वेगळं. सुरुवातीला सर्वो कुठे आहे हे बोर्डाला कळत नाही. प्रोग्राममध्ये 'अटॅच'च्या (मोटार जोडून घेणाऱ्या आज्ञेच्या) आधी सुरुवातीचा कोन लिहा आणि बंद करताना हात त्याच कोनात आणून ठेवा. तरीही वीज चालू करताना समोर कुणी बसलेलं नको.

चमचा तोंडात घालू नका

सगळ्यात गंभीर चूक हीच. चमचा ओठांपासून दोन-तीन सेंमीवर थांबला पाहिजे. पुढचं अंतर माणसाने स्वतः कापायचं. सेरेब्रल पाल्सीमध्ये चमचा दाताला लागताच जबडा गच्च मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. तेव्हा यंत्राने चमचा मागे ओढला तर दात दुखावतात. म्हणून मऊ सिलिकॉनचा चमचा घ्या आणि तो लोहचुंबकाने अडकवा, जोर पडला की सुटून येईल असा. चमचा ओठांच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावा. वरून आला की मान मागे जाते आणि अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

ज्यांना गिळतानाच त्रास होतो त्यांच्यासाठी आधी स्पीच थेरपिस्टचा सल्ला, मग यंत्र. ठसका लागलेला रोबोला कळत नाही, त्यामुळे जेवताना कुणीतरी जवळ हवंच.

तोंड ओळखणारा कॅमेरा लावायचा मोह होईल. पहिल्या यंत्रात तो नको. अमेरिकेतल्या 'ओबी' या भरवणाऱ्या रोबोलाही चमचा कुठे थांबवायचा ते काळजी घेणारी व्यक्ती त्याचा हात धरून शिकवते. साध्या सर्वोला तसं शिकवता येत नाही, कारण ती आपली जागा बोर्डाला कळवत नाही. पण दोन बटणांनी हात हवा तिथे नेऊन ते कोन ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या बोर्डाच्या मेमरीत) साठवता येतात.

'थांब' म्हटलं, थांबला नाही

प्रोग्राममध्ये 'डिले' (नुसतं थांबून राहण्याची आज्ञा) वापरला असेल तर तेवढा वेळ बोर्ड बटणाकडे बघतही नाही. 'मिलिस'वर (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या आज्ञेवर) वेळ मोजा, दर १५-२० मिलिसेकंदांनी एकेक अंश सरका, प्रत्येक पावलाला बटण तपासा. याशिवाय मोटारींची वीज थेट तोडणारं लाल बटण प्रोग्रामवर अवलंबून न ठेवता वेगळं द्या.

आवाजाने घास मागणं छान, पण थांबवणं फक्त आवाजावर सोपवू नका. तोंडात भात असताना कोण स्पष्ट बोलतं? गाल, हनुवटी, पाय, जे हलत असेल तिथे स्विच लावा. दिव्यांगांसाठीचे स्विच बहुधा ३.५ मिमीच्या जॅकवर येतात, तेव्हा तसं सॉकेट ठेवा. खाणाऱ्याचा हात थरथरत असेल तर एकदा दाबल्यावर सेकंदभर 'घास' बटणाचे पुढचे दाब मोजू नका. 'थांब' मात्र केव्हाही चाललाच पाहिजे. दर अर्ध्या मिनिटाला आपोआप घास पुढे करणारा टायमर तर नकोच. चावून कधी होणार हे खाणाराच जाणे.

वाटी, चमचा, धुणं

तिरक्या कडांच्या वाटीत भात कडेवरून वर चढतो आणि बाहेर पडतो. सरळ उभ्या भिंतीचं भांडं घ्या, म्हणजे चमच्याला टेकायला जागा मिळते. खाली ओलं फडकं ठेवा. सुरुवात मऊ खिचडी किंवा दहीभाताने करा. पोहे सांडतात, रस्सा ओघळतो. मनगटाची मोटार चमचा सपाट ठेवायला जमली की मग वरणाकडे वळा.

पीएलएचा (थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचा) छापील चमचा नको. साधारण ६० अंशांना पीएलए मऊ पडतं, आणि थरांच्या खाचांत अडकलेलं अन्न धुतलं तरी निघत नाही. छापायची ती फक्त चमच्याची पकड.

दुसऱ्या कुणासमोर ठेवण्याआधी हात मांडीखाली दाबून स्वतः अख्खं जेवण या यंत्राने जेवा, टीव्ही चालू ठेवून, मधेच कुणाशी तरी बोलत. नाकाला दही लागलं की चमच्याची उंची कुठे चुकली ते लगेच कळेल.