बँकेची साठ दिवसांची नोटीस आली तर

फोंड्याला आमच्या काकांच्या दारात पोस्टमनने रजिस्टर पत्र दिलं. काकांनी ते न फोडताच देव्हाऱ्यामागे सारलं आणि महिनाभर मॅनेजरशी तोंडी बोलत राहिले. तोंडी बोलण्याने मुदत थांबत नाही. म्हणून आधी पाकीट फोडा, मिळाल्याची तारीख त्यावरच लिहा आणि पाकीटही जपून ठेवा.

हप्ते 90 दिवसांहून जास्त थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. मग सरफेसी कायदा, 2002 (गहाण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा कायदा) च्या कलम 13(2) खाली थकबाकी भरा म्हणून 60 दिवसांची नोटीस येते. सहकारी बँकाही ती काढू शकतात.

या 60 दिवसांत लेखी हरकत द्याच. खात्याचा पूर्ण उतारा मागून घ्या आणि एकेक पावती हातात धरून ताळा करा. काकांचे दोन हप्ते जमाच दाखवले नव्हते. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तेही तपासा. पत्राच्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं.

आता आपल्या गोव्याचं. इथे वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर घर सहसा नवरा-बायको दोघांचं असतं. गहाणखतावर दोघांच्या सह्या आहेत का, हे वकिलाला पहिल्यांदा दाखवा. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) गहाण असेल तर शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. पण नुसत्या फॉर्म एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर, विसंबू नका. गोव्यातल्याच एका हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये जमिनीवर खरंच शेती होते का, हे पाहिलं. लागवडीचे फोटो आणि विक्रीच्या पावत्या जोडा.

ताब्याची नोटीस दारावर चिकटली की तिथून 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करायचा. ते मुंबईत आहे. इथल्या दिवाणी कोर्टात दावा घालून कितीतरी लोक हे दिवस वाया घालवतात. अशा बाबतीत त्या कोर्टाला सहसा अधिकारच नसतो.

तडजोड ठरलीच तर रक्कम आणि तारखा बँकेच्या पत्रावर घ्या, मगच पैसे भरा. सगळी बाकी भरून घर सोडवायचं असेल, तर ते लिलावाची जाहिरात छापून येण्याआधीच करा. त्यानंतर तो हक्क राहत नाही.