अपडेट पुन्हा पुन्हा फेल होतंय? 'रिट्राय' दाबण्याआधी या चुका टाळा

रीस्टार्ट केलं, पडद्यावर टक्के चढत गेले, तीस, साठ, अठ्ठ्याण्णव, आणि मग 'अपडेट पूर्ण करता आलं नाही, बदल मागे घेत आहोत' असा संदेश आला. अर्ध्या तासाने कॉम्प्युटर सुरू झाला तो जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. शेवटी माणूस कंटाळून अपडेटच बंद करून टाकतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या महिनोन्‌महिने लागतच नाहीत. विंडोजच्या या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, २००३ पासूनचा तो शिरस्ता आहे. त्यामुळे एक अपडेट अडलं की मागे रांग लागते.

एकदा फेल झालेलं अपडेट दुसऱ्यांदा नीट बसू शकतं. मध्येच नेट गेलं असेल, एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवली असेल. पण तिसऱ्यांदाही ते त्याच ठिकाणी अडलं, तर चौथ्यांदा बसेल ही आशा सोडा. काहीतरी ठरावीक गोष्ट आडवी येते आहे आणि ती शोधूनच काढावी लागते. लोक इथे शोधायचं सोडून उपाय करत सुटतात. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

कोड न वाचता रिट्राय करत राहणं

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा आणि अपडेट हिस्टरीत जा. फेल झालेल्या अपडेटचा 'केबी'ने सुरू होणारा नंबर आणि शून्य-एक्सने सुरू होणारा एरर कोड तिथे मिळतो. दोन्ही कागदावर लिहून घ्या. मग एक प्रश्न स्वतःला विचारा: अडलं कधी? डाउनलोड होताना, इन्स्टॉल होताना, की रीस्टार्टनंतर?

हे तीन टप्पे वेगळे आहेत आणि त्यांची दुखणीही वेगळी. डाउनलोडलाच अडत असेल तर नेटवर्क, प्रॉक्सी (नेटची ये-जा ज्यातून होते तो मधला सर्व्हर), व्हीपीएन (नेटची ये-जा झाकून दुसऱ्या वाटेने नेणारी सोय) यांच्याकडे बघा. ८००७२ईई२ (सुरुवातीचं शून्य-एक्स इथून पुढे गाळलं आहे) म्हणजे सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही, ८०२४४०२सी म्हणजे सर्व्हरचं नाव किंवा प्रॉक्सीच सापडली नाही. या दोन्हींत सिस्टिम फाइल दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. नेट 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायचं, म्हणून नोंदलेलं असेल तर बरीच अपडेट डाउनलोडच होत नाहीत, तेही तपासा. आणि घड्याळ! मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की कॉम्प्युटरची तारीख मागे जाते, सर्व्हरचं सर्टिफिकेट पटत नाही आणि अपडेट जागच्या जागी थांबतं. ही गोष्ट तपासायला पाच सेकंद लागतात, पण ती कुणाच्या डोक्यातच येत नाही.

इन्स्टॉल होताना अडलं आणि कोड ८००७३७१२ किंवा ८००एफ०८३१ असेल, तर विंडोज स्वतःच्या फाइल जिथे साठवते ते कोठार बिघडलं आहे किंवा त्यातलं काहीतरी गायब आहे. ८००७००७० म्हणजे सरळ सरळ जागा नाही. ८००७००२० म्हणजे फाइल दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवली आहे, आणि तो 'कुणीतरी' बहुतेक वेळा अँटिव्हायरस असतो. मोठ्या व्हर्जन-अपडेटमध्ये रीस्टार्टनंतर सगळं मागे फिरलं आणि कोड सी१९००१०१ ने सुरू झाला, तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर.

केबी नंबर मिळाला की आधी मायक्रोसॉफ्टच्या 'रिलीज हेल्थ' पानावर त्या अपडेटची काही माहीत असलेली अडचण नोंदली आहे का ते बघा. दोष अपडेटमध्येच असेल तर तुमच्या कॉम्प्युटरची चिरफाड करायची गरजच नसते.

शट डाउन म्हणजे रीस्टार्ट समजणं

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते. रोज रात्री कॉम्प्युटर बंद करणाऱ्या माणसाचंही विंडोज त्यामुळे कित्येक दिवस खऱ्या अर्थाने नव्याने सुरू झालेलं नसतं. आधीचं एखादं काम अर्धवट लटकलेलं असतं आणि नवं अपडेट त्यावर आपटतं. म्हणून कुठल्याही उपायाआधी मेन्यूतलं 'रीस्टार्ट' दाबा, शट डाउन नव्हे.

दुसरी गोष्ट वेळेची. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलेला हिशेब असा: अपडेट आल्यानंतर ते खात्रीने बसायला कॉम्प्युटर किमान २ तास सलग आणि एकूण ६ तास चालू आणि नेटला जोडलेला असावा लागतो. अर्धा तास मेल बघून लॅपटॉप मिटून ठेवणाऱ्याला हे तास मिळतच नाहीत. असा लॅपटॉप बिघडलेला नसतो. एखाद्या संध्याकाळी चार्जरला लावून, झोपण्याचं सेटिंग बंद करून, तो तसाच चालू ठेवून बघा.

'सी ड्राइव्हवर भरपूर जागा आहे' यावर विसंबणं

या चुकीवर जरा थांबू या, कारण हिच्यात लोकांचे सर्वात जास्त दिवस वाया जातात.

अपडेटला जागा फक्त सी ड्राइव्हवर लागत नाही. त्याच डिस्कवर दोन छोटे, लपलेले कप्पे असतात. एक कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या फाइलींचा, ईएफआय पार्टिशन, बहुधा १०० एमबीच्या आसपास. दुसरा रिकव्हरीचा, विंडोज सुरूच झालं नाही तर दुरुस्तीचं वातावरण जिथून उघडतं तो. दोन्हींना ड्राइव्हचं अक्षर नसतं, म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये ते दिसत नाहीत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतात, पण तिथे एक मोठी फसगत आहे. अक्षर दिलेलं नसल्यामुळे ते '१०० टक्के रिकामे' असे दाखवले जातात, प्रत्यक्षात ठासून भरलेले असले तरी.

मी स्वतः यात तीन संध्याकाळी घालवल्या आहेत. नात्यातल्या एका लॅपटॉपवर मोठं अपडेट दर वेळी ८००एफ०९२२ देऊन फिरत होतं. सी ड्राइव्हवर निम्मी जागा मोकळी. व्हीपीएन काढलं, दुरुस्तीच्या कमांड चालवल्या, सगळं ठीक असल्याचं उत्तर आलं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएफआय कप्पा रिकामा दिसत होता म्हणून मी त्याच्याकडे बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'माउंटव्होल' कमांडने त्या कप्प्याला तात्पुरतं अक्षर दिलं आणि आत डोकावलो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या फर्मवेअरच्या (मशिनच्या आतल्या मूळ प्रोग्रामच्या) जुन्या प्रती तिथे रचून ठेवल्या होत्या आणि मोकळी जागा जेमतेम ४ एमबी उरली होती. बूट फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स' फोल्डरातल्या फाइल काढल्या. मायक्रोसॉफ्टच्या मदत-पानावरही हाच उपाय दिलेला आहे. त्याच रात्री अपडेट बसलं. मात्र त्या कप्प्यात फॉन्ट्सपलीकडे कशालाही हात लावू नका. तिथली एक चुकीची फाइल गेली की कॉम्प्युटर सुरूच होणार नाही.

रिकव्हरी कप्प्याचं उदाहरण तर जगभर गाजलं. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेलं केबी ५०३४४४१ अपडेट असंख्य कॉम्प्युटरवर ८००७०६४३ असा कोड देऊन फेल होत राहिलं. हा कोड नुसता 'इन्स्टॉल फसलं' एवढंच सांगतो. खरं कारण होतं रिकव्हरी कप्प्यातली जागा: तिथे २५० एमबी मोकळे हवे होते आणि कितीतरी लोकांचा अख्खा कप्पाच ५०० एमबीच्या आसपासचा होता. उपाय म्हणजे सी ड्राइव्ह थोडा आकसून तो कप्पा वाढवणं. हे काम कमांडने करावं लागतं आणि बॅकअप घेतल्याशिवाय करू नये. ज्यांनी त्या कोडवर सिस्टिम फाइल दुरुस्त करण्यात दिवस घालवले त्यांचा काही दोष नव्हता, कोडच दिशाभूल करणारा होता. पण म्हणूनच कोड आणि केबी नंबर दोन्ही हाताशी हवेत.

जागा करण्याच्या नादात आणखी एक भयंकर चूक होते. विंडोज फोल्डरमधला 'विनएसएक्सएस' नावाचा प्रचंड फोल्डर दिसतो आणि लोक तो हाताने पुसायला जातात. मघाशी म्हटलेलं कोठार ते हेच. त्यातल्या बऱ्याच फाइल विंडोजच्या इतर फोल्डरांतही त्याच असतात, एकच फाइल दोन पत्त्यांनी दिसते, त्यामुळे त्याचा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला दिसतो. यातून फाइल उडवल्या तर पुढचं एकही अपडेट धड बसणार नाही. जागा हवी असेल तर 'डिस्क क्लीनअप'मध्ये सिस्टिम फाइल्सचा पर्याय निवडून विंडोजलाच साफसफाई करू द्या.

लिनक्सवालेही यातून सुटलेले नाहीत. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात बूटचा कप्पा वेगळा असेल तर जुन्या कर्नलनी (लिनक्सच्या गाभ्याच्या आधीच्या आवृत्त्यांनी) तो भरतो आणि अपडेट अर्ध्यात मोडतं. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या 'एपीटी' कमांडच्या 'ऑटोरिमूव्ह'ने जुने कर्नल जातात.

सगळ्या कमांड एकदम, उलट्यासुलट्या क्रमाने चालवणं

कुठूनतरी वीस कमांडची यादी कॉपी करायची आणि एका दमात चालवायची, असं करू नका. एक उपाय, मग रीस्टार्ट, मग अपडेट करून बघणं. तरच कशाने फरक पडला ते कळतं.

डाउनलोड झालेली फाइलच खराब असेल, तर विंडोज अपडेट आणि 'बिट्स' (पडद्यामागे डाउनलोड करणारी) या सेवा थांबवून विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' फोल्डरचं नाव बदला. पुसू नका, नुसतं नाव बदला, म्हणजे गरज पडली तर परत येता येतं. सेवा पुन्हा सुरू झाल्या की विंडोज तो फोल्डर नव्याने तयार करतं. अपडेट हिस्टरीची यादी यानंतर कोरी दिसू शकते, घाबरू नका. बसलेली अपडेट कुठेही जात नाहीत.

कोठार बिघडल्याचा कोड असेल तर आधी कोठार दुरुस्त करणाऱ्या 'डीआयएसएम' कमांडची 'रिस्टोअर हेल्थ' आणि त्यानंतर सिस्टिम फाइल तपासणाऱ्या 'एसएफसी' कमांडची 'स्कॅन नाऊ'. क्रम महत्त्वाचा आहे. एसएफसी बिघडलेली फाइल बदलताना चांगली प्रत याच कोठारातून घेते. कोठारच नासलेलं असेल तर ती बदलणार कशाने? म्हणून आधी कोठार, मग फाइल. डीआयएसएम अध्येमध्ये एकाच टक्क्यावर बराच वेळ अडकल्यासारखं दिसतं, ६२ च्या आसपास तर हमखास. तिथे खिडकी बंद करणारे खूप असतात. थांबा, चहा घ्या, ते पुढे सरकतं. ८००एफ०८१एफ असं उत्तर आलं तर दुरुस्तीसाठी लागणाऱ्या मूळ फाइल त्याला मिळालेल्या नाहीत. तेव्हा त्याच व्हर्जनची आयएसओ फाइल (विंडोजची अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाइलमध्ये) जोडून तिचा पत्ता त्याला द्यावा लागतो.

एवढं करूनही उलगडा होत नसेल, तर विंडोजच्या लॉग्स फोल्डरमधली 'सीबीएस' लॉग फाइल उघडा आणि शेवटाकडून वर 'एरर' हा शब्द शोधत या. नेमक्या कोणत्या पॅकेजपाशी घोडं अडलं, ते बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं. मोठ्या व्हर्जन-अपडेटसाठी मायक्रोसॉफ्टचं 'सेटअपडायग' हे साधन लॉग वाचून कारण सांगतं.

जोडलेली उपकरणं आणि जुने ड्रायव्हर तसेच ठेवणं

मोठ्या अपडेटआधी पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर, मेमरी कार्ड काढा. कीबोर्ड, माउस, नेट एवढंच राहू द्या. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस 'थोडा वेळ बंद' करून भागत नाही, कारण त्याचे ड्रायव्हर चालूच असतात. त्या कंपनीच्याच काढण्याच्या साधनाने तो पूर्ण काढा. तेवढ्या काळात विंडोजचा स्वतःचा डिफेंडर काम बघतो.

'एका क्लिकमध्ये अपडेट दुरुस्त' म्हणणारी आणि सगळे ड्रायव्हर बदलून देणारी सॉफ्टवेअर मात्र अजिबात घेऊ नका. ड्रायव्हर हवा तर लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरूनच.

फॉरमॅटवर उडी मारणं

काहीच चाललं नाही तरी फॉरमॅटआधी दोन पायऱ्या आहेत. एक, 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग'वर केबी नंबर टाकून तेच अपडेट हाताने उतरवून चालवणं. डाउनलोडचा घोळ असेल तर हे पुरतं. दोन, आहे त्याच विंडोजवर पुन्हा विंडोज बसवणं. आयएसओमधला सेटअप चालू विंडोजमधूनच उघडायचा आणि 'फाइल आणि ॲप ठेवा' हा पर्याय निवडायचा. विंडोज ११ च्या अलीकडच्या व्हर्जनमध्ये रिकव्हरी सेटिंगमध्येच 'विंडोज अपडेट वापरून अडचणी दुरुस्त करा' असं बटण आलं आहे, ते हेच काम करतं. जी अपडेट महिनोन्‌महिने बसत नव्हती ती यानंतर बसलेली मी पाहिली आहेत.

त्याआधी बॅकअप, आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की. अनेक लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट केलं की निळ्या पडद्यावर ती की मागितली जाऊ शकते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती आहे का ते आधीच बघा आणि दुसरीकडे उतरवून ठेवा.

आणि दुरुस्तीच्या कमांडनी एकदा नीट केलेल्या फाइल आठवड्याभरात पुन्हा खराब निघायला लागल्या, तर विंडोजशी झगडणं थांबवा. डिस्क मरायला टेकली असेल किंवा रॅममध्ये दोष असेल. आधी तुमच्या फोटो आणि कागदपत्रांची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या, डिस्कचं 'स्मार्ट' आरोग्य (डिस्क स्वतःच ठेवत असलेली बिघाडाची नोंद) तपासा, रात्रभर मेमरी टेस्ट लावा. अपडेटचं त्यानंतर बघू.