जुनी टाटा 207 पिकअप घरीच परत रस्त्यावर आणायचीय? मग हे बघा

आधी रंगाच्या नादी लागू नका, खाली वाकून चासी बघा. स्प्रिंगचे पाटे जिथं चासीला अडकतात त्या हँगरपाशी चिखल साचतो न् तिथंच गंज धरतो, स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा, टोक आत घुसलं तर सरळ वेल्डिंगवाल्याकडं न्या, नुसते पापुद्रे निघाले तर वायर ब्रशनं घासून रेड ऑक्साईड (गंज रोखणारा प्रायमर) मारा. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड पाहिजेच, चाकाला दगड पण लावा.

मग रेडिएटर. मे महिन्यात सोलापुरात पारा 42-43 ला जातो, त्यात बोअरचं पाणी भरत राहिलात तर आत क्षार बसून गाडी तापणारच की! इंजिन गार असताना जुनं पाणी काढा, फ्लश करा, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

डिझेल फिल्टर बदलला की हवा काढावी लागते, ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून डिझेलचा हँड पंप मारत रहा, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार, अन् धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा.

प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडं जाणारा फिरता दांडा) जॉइंटच्या क्रॉसला नवीन ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत मारा. ब्रेकचे होज (रबरी पाइप) तडकलेले दिसले तर बदलून टाका, तिथं काटकसर नको. रंग सगळ्यात शेवटी.