सोयाबीनचं अनुदान अडकू नये म्हणून पेरणीपासूनच काय काय करून ठेवायचं

२०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला राज्य सरकारने हेक्टरी ५००० रुपये दिले होते, दोन हेक्टरच्या मर्यादेत, आठवत असेलच. यादी आली आणि गावोगावी एकच ओरड, सोयाबीन तर पेरलं होतं मग नाव कुठंय? यादी आधी ई-पीक पाहणीवरून (शेतकऱ्याने स्वतः मोबाईल ॲपवर केलेली पिकाची नोंद) काढली होती ना, नंतर सातबाऱ्यावर पेरा असलेल्यांनाही घेतलं पण तोपर्यंत लोकांनी किती हेलपाटे घातले. म्हणून अनुदान जाहीर व्हायची वाट बघू नका, कागद आधीच नीट करून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची ई-पीक पाहणी. ॲप मोबाईलमध्ये घ्या, शेतात जाऊन उभे राहा (घरी बसून करायला जाऊ नका, फोटोसोबत लोकेशन पण जातं), खाते आणि गट नंबर निवडा, हंगाम खरीप, मग पीक. आता इथे बरेच जण घाई करतात, सोयाबीनमध्ये तुरीची ओळ असेल तर निर्भेळ (म्हणजे एकच पीक) नाही, मिश्र पीक निवडायचं आणि दोन्हीचं क्षेत्र वेगवेगळं टाकायचं. एकच पीक टाकलं तर दुसऱ्याची नोंदच लागत नाही आणि पुढे तूर हमीभावाने विकायला गेलात की अडचण. चुकलं तर ४८ तासांत स्वतःच दुरुस्त करता येतं, त्यामुळे त्याच दिवशी संध्याकाळी परत उघडून बघा. मुदत संपत आली की सर्व्हर रडतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवूच नका. घरात म्हातारी माणसं एकटीच असतील, स्मार्टफोन नसेल, तर शेजाऱ्याने करून द्यावं, दहा मिनिटांचं काम आहे हो.

दुसरं म्हणजे फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक. कृषी खात्याच्या योजनांना आता तो लागतोच, महाडीबीटीवर (राज्याच्या योजनांचं पोर्टल) अर्ज करतानाही. सीएससीवर, म्हणजे गावातल्या सेवा केंद्रावर निघतो. त्यात आपले सगळे गट जोडलेत का ते तपासा, एखादा गट राहून जातो आणि तेवढं क्षेत्र धरलंच जात नाही.

बँकेचं मात्र लक्ष देऊन वाचा. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारचे पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग वेगळं. पैसे आधारवर येतात, म्हणजे सीडिंग ज्या बँकेत आहे तिथेच जाणार, तुम्ही पासबुक कुठलंही द्या. आधारच्या वेबसाईटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, इनॲक्टिव्ह दिसलं तर शाखेत जाऊन फॉर्म भरा. ओटीपी फोनवर कोणी मागितला तर देऊ नका.

सातबाऱ्यावर सामाईक खातं असेल तर भावाबहिणींशी आधीच बोलून घ्या. २०२३ च्या वेळी एकाच्या नावावर पैसे घ्यायला बाकीच्यांची ना हरकत लागली होती आणि भाऊ पुण्यात, बहीण सासरी, अशात कृषी सहायकाकडे कागद जायला उशीर झाला.

आणि अनुदान नसलं तरी ई-पीक पाहणीची नोंद वाया जात नाही, हमीभाव केंद्रावर नाव नोंदवतानाही पीकपेरा लागतोच. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल ठरला होता. माल मात्र चांगला वाळवून न्या, ओलाव्याची मर्यादा १२ टक्के धरतात, जास्त भरला तर ट्रॉली परत आणायची वेळ येते आणि भाडं आपल्याच डोक्यावर.