डायकिरी घरी कशी करावी: रम, लिंबू आणि साखरेचे क्यूबन पेय

डायकिरी म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर स्ट्रॉबेरीचा लालभडक बर्फाळ पेला येतो. मूळ डायकिरी तशी नसते. ती लहानशा पेल्यात येणारी, फिकट, किंचित धूसर आणि आंबटगोड असते, आणि पांढरी रम, ताज्या लिंबाचा रस व साखर एवढ्याच तीन जिन्नसांची असते. ती करायला पाच मिनिटे पुरतात. पण तिच्यात सोडा, मसाला किंवा फळाचा गर असे काहीच नसल्यामुळे एखादा जिन्नस हलक्या प्रतीचा निघाला तर तो पहिल्या घोटातच जाणवतो. म्हणूनच घरी कॉकटेल करायला शिकायचे असेल, तर सुरुवात डायकिरीपासून करावी असे माझे ठाम मत आहे. ती जमली की आंबट-गोडाचा तोल हातात बसतो आणि रमची पुढची बरीचशी पेये सोपी होतात.

प्रथम एक आवश्यक सूचना. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो, आणि रमसारख्या कडक मद्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात. गोव्यात ही मर्यादा 21 वर्षांची आहे. अन्य राज्यांत व परदेशांत तेथील नियम पाहावेत. पेय घेतल्यावर वाहन चालवू नये.

हे पेय कोठून आले

क्यूबाच्या पूर्व टोकाला सान्तियागो दे क्यूबा हे शहर आहे आणि त्याच्या पूर्वेस समुद्रकाठी डायकिरी हे ठिकाण आहे. जून 1898 मध्ये स्पेन आणि अमेरिका यांच्यातील युद्धात अमेरिकेचे सैन्य याच किनाऱ्यावर उतरले. परिसरात लोखंडाच्या खाणी होत्या आणि तेथे जेनिंग्ज कॉक्स नावाचे अमेरिकी अभियंते काम करीत होते. पाहुणे आले असता घरातली जिन संपल्यामुळे त्यांनी स्थानिक रम, लिंबू व साखर एकत्र केली आणि डायकिरीचा जन्म झाला, अशी कथा सांगितली जाते. कॉक्स यांच्या नावाने ओळखली जाणारी सहा जणांसाठीची कृती आजही दाखवली जाते: सहा लिंबांचा रस, सहा चमचे साखर, सहा कप रम, दोन लहान कप पाणी आणि भरपूर कुटलेला बर्फ.

कॉक्स यांनी प्रमाण लिहून ठेवले आणि गावाचे नाव जगभर गेले, हे श्रेय त्यांचे आहेच. परंतु रम, लिंबू आणि गोडवा यांचा मेळ त्यांनी प्रथम घातला, असे म्हणणे क्यूबाच्या लोकांवर अन्याय करणारे आहे. क्यूबात त्यापूर्वीपासून कांचांचारा नावाचे पेय होते. उसाची कच्ची दारू, मध आणि लिंबू यांचे हे पेय 1868 मध्ये सुरू झालेल्या स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांशी, म्हणजे मांबींशी, जोडले जाते; त्रिनिदाद या क्यूबन शहरात ते आजही मातीच्या छोट्या भांड्यांत देतात. समुद्रावरची परंपरा तर त्याहून जुनी आहे. ब्रिटिश आरमाराचे अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन यांनी 1740 मध्ये खलाशांच्या रोजच्या रममध्ये पाणी घालण्याचा हुकूम काढला, तेव्हा चव सुधारण्यासाठी ज्याला परवडेल त्याने साखर आणि लिंबू विकत घ्यावे, असेही त्यात सुचवले होते.

या पेल्यातील साखरेचा इतिहास मात्र गोड नाही. 1791 मध्ये हैतीतील गुलामांनी उठाव केला, तेथील साखर उद्योग कोसळला आणि त्याची जागा क्यूबाने घेतली. त्यानंतर आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम म्हणून क्यूबाच्या उसाच्या मळ्यांत आणली गेली. 10 ऑक्टोबर 1868 रोजी कार्लोस मान्युएल दे सेस्पेदेस यांनी आपल्या साखर कारखान्यातील गुलामांना मुक्त करून स्पेनविरुद्ध लढा पुकारला, तरी क्यूबातील गुलामगिरी संपायला 1886 साल उजाडावे लागले. साखर तयार झाल्यावर उरणारी मळी आंबवून आणि ऊर्ध्वपातित करून रम होते. म्हणजे क्यूबन रमही त्याच कारखान्यांतून आलेली आहे. कोल्हापूर, सांगली किंवा अहिल्यानगरकडच्या वाचकांना मळीचा तो जड, करपट-गोड वास वेगळा सांगायला नको. भारतात होणारी रमही प्रामुख्याने मळीचीच असते.

सुरुवातीची क्यूबन दारू उग्र होती. कॅटालोनियातून सान्तियागोत आलेले फाकुन्दो बाकार्दी यांनी 1862 मध्ये तेथील एक आसवनी, म्हणजे मद्य गाळण्याचा कारखाना, विकत घेतली आणि कोळशातून गाळणे व ओकच्या पिंपांत मुरवणे या मार्गांनी हलकी, स्वच्छ रम तयार करण्यास सुरुवात केली. त्यांचा मुलगा एमिलिओ स्वातंत्र्यलढ्यातील सहभागामुळे तुरुंगात गेला आणि पुढे सान्तियागोचा महापौर झाला. 1960 मध्ये क्रांती सरकारने उद्योग ताब्यात घेतल्यावर हे घराणे देशाबाहेर गेले, परंतु हलकी रम करण्याचे ज्ञान क्यूबात टिकले. तेथील रम-उस्तादांच्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या ज्ञानाचा युनेस्कोने 2022 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. डायकिरी घडली ती याच हलक्या रममुळे. उग्र दारूत लिंबाचा नाजूक वास बुडून जातो.

जिन्नस आणि त्यांची निवड

एका पेल्यासाठी 60 मिली पांढरी रम, 20 मिली ताजा लिंबाचा रस आणि दोन लहान चमचे बारीक साखर घ्यावी. 60 मिली म्हणजे आपल्याकडचा लार्ज पेग. पेगचे माप नसल्यास औषधाच्या बाटलीबरोबर येणारा, मिलीच्या खुणा असलेला छोटा कप स्वच्छ धुऊन वापरावा. अंदाजाने ओतू नये, कारण पाच मिली रसाचा फरकही या पेयात कळतो.

रम पांढरी आणि कोरडी असावी. ओल्ड मंकवर आपल्याकडे अनेकांचा जीव आहे आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातील व्हॅनिला व करपवलेल्या साखरेची चव लिंबावर मात करते. ओल्ड मंक, लिंबू आणि साखर यांचे पेय वाईट लागत नाही, मात्र ती डायकिरी नव्हे.

लिंबाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. आपले पातळ सालीचे कागदी लिंबू आणि क्यूबातील छोटे गावरान लिंबू ही एकाच जातीची फळे आहेत. या लिंबाचे मूळ आशियात. ते अरबांबरोबर भूमध्य समुद्रापर्यंत आणि पुढे स्पॅनिश जहाजांतून कॅरिबियनमध्ये पोहोचले. ऊसही तसाच गेला: कोलंबसने तो 1493 च्या दुसऱ्या सफरीत हिस्पॅनिओला बेटावर नेला. युरोप-अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मोठ्या, बिनबियांच्या हिरव्या लिंबापेक्षा कागदी लिंबाचा रस अधिक झणझणीत असतो. त्यामुळे परदेशी कृतींत 30 मिली रस सांगितला असला, तरी आपल्या लिंबाचा 20 मिली पुरेसा होतो. उलट, परदेशात राहणाऱ्या वाचकांनी तेथील लिंबू वापरताना 25 मिलीपर्यंत जाण्यास हरकत नाही. साल पिवळसर होऊ लागलेले, हाताला जड लागणारे लिंबू निवडावे. बाटलीतला रस अजिबात वापरू नये. त्यात आंबटपणा असतो, पण सालीच्या तेलाचा तो ताजा सुगंध नसतो.

साखर मिक्सरमधून फिरवून पिठीसाखर करून घ्यावी. बाजारच्या काही पिठीसाखरांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचे पीठ घातलेले असते आणि त्याने पेय गढूळ होते. पाक अधिक सोयीचा वाटत असेल, तर समान मापाने साखर आणि पाणी घेऊन साखर विरघळेपर्यंतच गरम करावे, उकळत ठेवू नये, आणि पूर्ण थंड झाल्यावर 15 ते 20 मिली वापरावा. गूळ येथे टाळावा, कारण त्याची चव रमच्या पुढे धावते.

राहिला बर्फ, ज्याकडे घरोघरी दुर्लक्ष होते. डायकिरीच्या तयार पेल्यात साधारण पाव भाग बर्फाचे पाणी असते, त्यामुळे बर्फाला वास असेल तर तो पेयात उतरतोच. फ्रीजरमध्ये खोवलेला नारळ, मासळी आणि वाटणाचे डबे यांच्या शेजारी चार-पाच दिवस उघडा राहिलेला बर्फ वापरू नये. आदल्या रात्री पिण्याच्या पाण्याचा, झाकण असलेल्या ट्रेमध्ये, मोठ्या खड्यांचा बर्फ लावावा. खडा बाहेरून कोरडा आणि हाताला चिकटणारा असावा. ओला, पाझरणारा बर्फ पेय गार होण्याआधीच पातळ करतो.

कृती

सर्वप्रथम पेला गार करावा. लहान दांडीचा, पसरट तोंडाचा पेला असेल तर उत्तम, अन्यथा 150 मिलीचा कोणताही छोटा काचेचा पेला चालेल. तो किमान दहा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावा. या पेयात वरून बर्फ घालायचा नसल्यामुळे त्याचा गारवा टिकवण्याचे काम पेल्यालाच करावे लागते.

लिंबू ओट्यावर तळहाताने दाबून फिरवावे, आडवे कापावे आणि रस काढून बिया व चोथा गाळून घ्यावा. पिळताना सालीचा पांढरा भाग चेंगरेल इतका जोर लावू नये, कारण त्याचा कडवटपणा रसात उतरतो.

आता शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवण्याच्या झाकणाच्या भांड्यात, आधी लिंबाचा रस व साखर घालून चमच्याने ढवळावे आणि दाणा पूर्ण विरघळू द्यावा. हा क्रम बदलू नये. साखर मद्यात नीट विरघळत नाही आणि थंडीत तर अधिकच हट्टी होते. रम किंवा बर्फ आधी पडला की पेयाचा वरचा भाग आंबट राहतो आणि साखर तळाशी बसते. चमचा भांड्याच्या तळावर घासून पाहावा. कचकच बंद झाली की साखर विरघळली असे समजावे. मग रम ओतावी आणि बर्फ घालण्यापूर्वी थेंबभर चाखून पाहावे. या टप्प्यावर पेय थोडे जास्त गोड, जास्त आंबट आणि जास्त कडक लागायला हवे, कारण बर्फाचे पाणी पुढे या तिन्हींना सौम्य करणार असते.

शेकर नसल्यास फिरकीच्या घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा न गळणारा स्टीलचा डबा वापरावा. भांडे दोन तृतीयांश बर्फाने भरून झाकण पक्के लावावे आणि दोन्ही हातांनी धरून 12 ते 15 सेकंद जोराने हलवावे. नुसते डुचमळून भागत नाही. बर्फाचे खडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपटल्याचा आवाज यायला हवा. सुरुवातीला तो आवाज टणक असतो, मग खडे झिजू लागतात तसा बसका होतो, आणि स्टीलवर बाहेरून पांढुरके दव धरते. बोटांना गारवा बोचू लागला की थांबावे. मद्यामुळे हे मिश्रण शून्य अंशाच्याही खाली जाते आणि हलवण्याने त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे शिरतात. डायकिरीची ती किंचित धूसर, मऊ घनता त्यातूनच येते.

लगेच चहाच्या गाळणीतून थंड पेल्यात गाळावे, म्हणजे बर्फाचा चुरा मागे राहतो. सजावटीची गरज नाही. फार तर लिंबाची पातळ चकती कडेला लावावी. डायकिरी पहिल्या काही मिनिटांतच प्यावी. ती कोमट होत गेली की आंबटपणा एकटा वर येतो आणि रम टोचू लागते.

पेय घशाला ओरखडत असेल तर पुढच्या वेळी साखर अर्धा चमचा वाढवावी. सपक लागत असेल तर आधी बर्फ आणि हलवण्याचा वेळ तपासावा आणि मगच लिंबाला हात लावावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

हवानाची बर्फाळ डायकिरी

अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात दारूबंदी होती आणि तहानलेले अमेरिकी प्रवासी जवळच्या हवानात लोटत असत. तेथील एल फ्लोरिदिता या बारचे कॉन्स्तान्तिनो रिबालाइग्वा यांनी बारीक बर्फाबरोबर विद्युत यंत्रात फिरवलेली डायकिरी प्रसिद्ध केली. अमेरिकी लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे तेथे साखरेशिवाय आणि दुप्पट रमची पीत असत. मद्य ओतणाऱ्याचे काम क्यूबात कसब म्हणून इतके मानले जाते की तेथील कांतिनेरोंनी, म्हणजे बारमध्ये मद्य करून देणाऱ्यांनी, 1924 मध्येच आपली संघटना उभारली.

घरी ती करायची असल्यास बर्फ आधी स्वच्छ फडक्यात गुंडाळून लाटण्याने बारीक कुटावा. अख्खे खडे टाकल्यास मिक्सरची पाती खराब होतात. 60 मिली रम, 20 मिली लिंबाचा रस, तीन लहान चमचे साखर आणि एक मोठी वाटी बर्फाचा चुरा मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावा. अतिथंड पदार्थात जिभेला गोडी कमी कळते, म्हणून येथे साखर एक चमचा जास्त आहे. मिश्रण चमच्यावर क्षणभर उभे राहील इतके घट्ट झाले की थांबावे.

पाहुण्यांसाठी करताना रम आणि थंड पाक प्रमाणात मिसळून बाटलीत भरून दुपारीच फ्रीजमध्ये ठेवता येतो. लिंबू मात्र आयत्या वेळीच पिळावे, कारण काही तासांतच रसाचा सुगंध उतरतो. एका शेकरमध्ये दोनपेक्षा अधिक पेले करू नयेत. बर्फाला हलायला जागा उरत नाही आणि पेय अर्धवट गार होते. प्रत्येक फेरीला नवा बर्फ घ्यावा.