नोकरी बारा तासांची आणि घरात कुत्रा एकटा: या चुका टाळा

कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्याची नोकरी कागदावर नऊ तासांची. पण दाराला कुलूप लागल्यापासून ते उघडेपर्यंत मोजलं तर साडेअकरा तास सहज होतात. डोंबिवलीहून बीकेसी गाठणाऱ्याचंही तेच. कुत्र्याला तुमची शिफ्ट कळत नाही, त्याला कुलूप कळतं. म्हणून हिशेब कुलपाचाच धरायचा, आणि बहुतेकांचा तोच चुकलेला असतो.

मधल्या फेरीशिवाय भागवणं

मोठा कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास असाही झोपतो. त्यामुळे 'बिचारा एकटा काय करत असेल' ही काळजी नंतरची. आधी त्याच्या लघवीची सोय बघा. धडधाकट मोठ्या कुत्र्याला सहा, फार तर आठ तास थांबवावं. पिल्लाचा ढोबळ हिशेब असा: जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू चार तास, तेही सगळं सुरळीत असेल तर. 'आमचा करतो हो बारा तास कंट्रोल' असं कौतुकाने सांगितलं जातं. तो करतो, कारण त्याला दुसरा इलाज नसतो. पुढे मूत्रमार्गाचा संसर्ग झाला की डॉक्टरांकडे खेटे सुरू होतात.

तेव्हा दुपारी कोणीतरी दार उघडलंच पाहिजे. डॉग वॉकर मिळाला तर उत्तम. नसेल तर घरकामाच्या मावशींची वेळ सकाळी सातऐवजी दुपारी एकची करून मिळते का ते विचारा. हा उपाय पुष्कळ घरांत चालण्यासारखा आहे आणि सुचतो मात्र सगळ्यात शेवटी. त्यांना कुत्र्याची भीती वाटते का हे आधी विचारा, या कामाचे पैसे वेगळे द्या, आणि चार रविवारी तुम्ही घरी असताना त्यांच्याच हातून हे काम करून घ्या. ओढणारा लॅब्रेडॉर असेल तर त्याला रस्त्यावर न्यायला सांगू नका. सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं पुरेत.

कुत्रे पळून जातात ते याच फेरीत, आणि पळतात दारातून. क्रम असा ठेवा: आत शिरायचं, सेफ्टी डोअर लावून घ्यायचं, मग हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्यांना, दोरीचा पट्टा अडकवायचा, पट्ट्याची मूठ मनगटात घालायची आणि तेव्हाच दाराला हात लावायचा. परत आल्यावर उलट: आधी दार बंद, मग पट्टा सोडायचा. गळपट्ट्यात दोन बोटंच मावायला हवीत. तीन मावली तर घाबरलेला कुत्रा मागे सरकून मान काढून घेतो.

ज्यांना कोणीच मिळत नाही त्यांनी बाल्कनीत दोन बाय तीन फुटांचा ट्रे ठेवून त्यावर कृत्रिम गवत अंथरावं. नुसता ठेवून मात्र उपयोग नाही. खाली जायची सवय लागलेला कुत्रा घरात करायला धजत नाही. त्याची लघवी टिपलेलं फडकं ट्रेवर ठेवा, सकाळच्या पहिल्या लघवीला पट्टा लावून त्याला तिथे उभं करा, आणि झाली की लगेच खाऊ द्या. दोन-तीन आठवडे धरून चाला. ट्रेची सवय सुट्टीत लावायला घ्या, ऑफिसच्या घाईत नको. लहान पिल्लाला आणि म्हाताऱ्या कुत्र्याला मात्र ट्रे पुरत नाही, त्यांच्यासाठी माणूसच लागतो.

घरात नको तिथे झालं तर फिनेल ओतू नका. माणसाला फिनेलचा वास येतो, कुत्र्याला त्याखालचा लघवीचाच येतो, आणि पुढच्या वेळी तो तिथेच बसतो. शिवाय ओल्या फरशीवरचं फिनेल पंजांवाटे पोटात जातं. एन्झाइम असलेला क्लीनर आणा, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ तो ओला राहू द्या आणि मग पुसा.

सुट्टी घेऊन लाड करणं, आणि सोमवारी अचानक गायब होणं

पिल्लू आणलं की दहा दिवसांची रजा टाकली जाते. दहा दिवस ते मांडीवर. अकराव्या दिवशी सकाळी आठला दार बंद. याहून वाईट सुरुवात नाही. ती रजा एकटं राहायला शिकवण्यासाठी वापरायची असते.

आधी जुना मोबाईल कोपऱ्यात ठेवून रेकॉर्डिंग करा. पहिला अर्धा तास नीट बघा, सगळं तिथेच कळतं. दार ओरबाडणं, लाळेने जमीन ओली होणं, सुरात रडणं, एकसारख्या येरझाऱ्या घालणं आणि समोर ठेवलेला खाऊ न हुंगणं हे दिसलं तर ती सेपरेशन अँग्झायटी, म्हणजे खरी भीती. तासभर झोपून उठल्यावर शांतपणे चप्पल फाडायला बसला तर तो कंटाळा. दोन्हींचे उपाय वेगळे. कंटाळ्याला व्यायाम आणि खेळणी पुरतात. भीतीला ती लागू पडत नाहीत.

भीतीवरचं शिक्षण कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. किल्ल्या उचला आणि पुन्हा सोफ्यावर बसा; दिवसातून आठ-दहा वेळा. किल्ल्यांच्या आवाजाला कान टवकारले जाईनात, तेव्हा दाराबाहेर पाच सेकंद. मग तीस सेकंद, दोन मिनिटं, पाच मिनिटं. दरवेळी वाढवायचंच असं नाही, मध्येच पुन्हा एक मिनिटावर या. तो बेचैन व्हायच्या आधी परत यायचं. भुंकायला लागला तर तुमची उडी मोठी झाली, मागच्या पायरीवर जा. तीस-चाळीस मिनिटं शांत गेली की पुढचे टप्पे भराभर वाढवता येतात. या काळात त्याला दिवसभर एकटं सोडलं तर केलेलं सगळं वाया जातं, म्हणून तेवढे आठवडे डे-केअर, नातेवाईक किंवा घरून काम यांची जुळवाजुळव करा. पंधरा दिवसांत तसूभर फरक नसेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांशी बोला. फ्लुओक्सेटिनसारखी औषधं कुत्र्यांनाही देतात, पण मात्रा डॉक्टरच ठरवतील. घरातली माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका.

सोबतीला दुसरा कुत्रा आणायचा मोह होतो. भीती माणूस गेल्याची असते, कुत्र्याच्या अभावाची नव्हे. बहुधा दोघं मिळून भुंकतात.

बांधून किंवा कोंडून जाणं

साखळीला बांधून, बाथरूममध्ये घालून किंवा क्रेटमध्ये, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, नऊ तास ठेवून जाणं, यातलं काहीच चालत नाही. क्रेट दोन-तीन तासांसाठी ठीक, तोही त्यात उभं राहून वळता येईल एवढा. घाबरलेला कुत्रा जाळी चावून दात मोडून घेतो. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या. एक खोली किंवा हॉल मोकळा द्या आणि बाकीची दारं लावा.

संध्याकाळी रागावणं

'त्याला कळतं बघ, कशी मान खाली घातली!' अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. तो अपराधी चेहरा चुकीशी जोडलेला नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा, कुत्र्याने काही केलेलं नसलं तरी. सकाळी फाडलेल्या उशीसाठी रात्री आठला ओरडलात तर त्याला कळतं ते इतकंच, की तुम्ही घरी येणं धोक्याचं आहे. मग दुसऱ्या दिवशी भीती आणखी वाढते.

सकाळची उलटी घाई

उठल्या उठल्या वाटी भरायची, मग दहा मिनिटं खाली ओढत न्यायचं, की निघालो. क्रम उलटा करा. सव्वासहाला फिरणं, चाळीस मिनिटं. त्यातली निम्मी त्याला हुंगू द्या, कारण हुंगण्याने कुत्रा जितका दमतो तितका सरळ चालण्याने दमत नाही. सातला, धाप ओसरल्यावर, खाणं. पावणेआठला खाली फक्त शी-शूसाठी पाच मिनिटं. भरल्या पोटी पळवू नका: जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या मोठ्या जातींत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो काही तासांत जिवावर बेततो. पोट ताठ, ओकारीचा जोर पण बाहेर काही येत नाही, अशी लक्षणं दिसली तर वाट न पाहता दवाखाना.

निघताना पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात ठासून भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेला द्या. वीस-तीस मिनिटं तो चाटत बसतो. त्याचं माप दिवसाच्या खाण्यातूनच वजा करा. एरवी वजन वाढतं, आणि एकट्या कुत्र्याच्या मालकाला अपराधी भावनेने खाऊ घालायची सवय असतेच.

घर तसंच सोडून जाणं

गॅसचा कॉक रेग्युलेटरपाशी बंद करा. ओट्यावर पाय टाकणारा कुत्रा शेगडीचं बटण फिरवू शकतो. मनुके आणि द्राक्षं त्याच्या मूत्रपिंडाला घातक, कांदा-लसूण रक्ताला. म्हणून आमटीचा उरलेला भात वाटीत नको. पॅरासिटामॉलची पट्टी ड्रॉवरमध्ये. मोजे कपाटात, कारण गिळलेला मोजा आतड्यात अडकतो. कबुतरांसाठी लावलेली जाळी कुत्र्याचं वजन पेलेल असं समजू नका.

उन्हाळ्यात एसीच्या भरवशावर सगळ्या खिडक्या बंद करून जाऊ नका. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा एसी, वायफाय आणि कॅमेरा तिन्ही एकदम बंद पडतात. सावलीच्या बाजूची ग्रिलची खिडकी उघडी, हॉलची फरशी मोकळी, आणि पाणी दोन वाट्यांत, दोन ठिकाणी. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटर-सव्वा लिटर लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पग आणि शीत्झूसारखे चपट्या नाकाचे कुत्रे, आणि हस्की, यांना बंद घरात उकाड्यात सोडणं म्हणजे जोखीमच. जोरात धाप, लाळ, झोकांड्या दिसल्या तर अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच अडकते.

भुंकण्याची तक्रार हातघाईवर नेणं

प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण कागद नाचवून शेजाऱ्याची झोप परत येत नाही. तो नेमका किती वाजता भुंकतो हे विचारा आणि रेकॉर्डिंगशी ताडा. बहुधा लिफ्टचं दार किंवा डिलिव्हरीची बेल निघते. बेल बंद ठेवून पार्सल वॉचमनकडे घ्यायला सांगितलं आणि कुत्र्याची जागा दारापासून आतल्या खोलीत हलवली, तर निम्मं काम होतं.

रात्री उशीर होईल हे गृहीत न धरणं

लोकल बंद पडते, मीटिंग लांबते. दुसरी किल्ली शेजारी किंवा मित्राकडे असू द्या, तीही कुत्र्याला ओळखणाऱ्या. फ्रिजवर कागद लावा: खाण्याचं माप कपात, औषध, डॉक्टरांचा नंबर, रात्री उघड्या दवाखान्याचा पत्ता, आणि तो कोणत्या शब्दावर बसतो तो शब्द.